जाणत्याचे ऋण

माणूस जन्माला येतो तो तीन ऋणे घेऊनच, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. तैत्तिरीय संहितेपासून ती चालत आली आहे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने आणि ऋषींचे अध्ययनाने, असा तो हिशेब. यांतले तिसरे कलम मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. शिकलो की ऋण फिटले? ज्याच्याकडून ज्ञान आले त्याची परतफेड झाली असेल. पण ज्याच्या उपयोगाचे ते होते त्याचे काय? एका माणसाला धोका दिसतो आणि शेजाऱ्याला तो दिसत नाही. त्या नुसत्या दिसण्यामुळे पहिल्याच्या माथ्यावर काही बोजा येतो की नाही? आणि येत असेल तर तो उतरला असे केव्हा म्हणायचे? आपण सांगून मोकळे झालो तेव्हा, की शेजारी उठून चालू लागला तेव्हा?

प्रश्न पोथीतला वाटेल. पण कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या काठी राहणाऱ्यांच्या तो दर पावसाळ्यात दाराशी येऊन उभा राहतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांचे पाणी अजून कोणी विसरलेले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथे ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका मानतात. २०१९ मध्ये ते ५५ फुटांवर आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांवर पोहोचले. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने राष्ट्रीय महामार्गच अडवला. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, रामदुर्ग या तालुक्यांत माणसे आणि जनावरे छावण्यांत गेली. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला तर सुटकेसाठी निघालेली नावच उलटली.

या सगळ्या काळात माहिती कमी पडली, असे मात्र म्हणता येणार नाही. कोयनेतून किती सुटले, राधानगरीचे सातांपैकी किती दरवाजे आपोआप उघडले, राजापूर बंधाऱ्यावरून खाली किती येते आहे, अलमट्टीत किती येते आणि किती बाहेर जाते, हे आकडे आता प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर असतात. पण ते असतात कोणत्या भाषेत? धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, पुलाखालची पातळी फुटांत आणि अलमट्टीची उंची मीटरमध्ये. एक लाख क्युसेकने दिवसभर पाणी सुटले तर साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी खाली जाते, एवढे त्रैराशिक मांडता येणारा माणूस गावात असतो, नाही असे नाही. पण ते मांडूनही म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ती विचारते, ‘म्हसोबापत्तूर येणार का न्हाई, तेवढं सांग.’

तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, उलट सर्वांत नेमका तोच आहे. नदीकाठची मोजमापे अशीच असतात. घाटाच्या पायऱ्या, पारावरचा दगड, देवळाचा उंबरा, पाण्याच्या कडेला रोवलेली काठी. तासाभराने काठीकडे पाहायचे आणि पाणी चढते की उतरते हे ठरवायचे. नृसिंहवाडीला उत्तरेच्या दारातून पाणी आत येऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्यात स्नानाला गर्दी करतो. म्हणजे देवाच्या दाराशी आलेले पाणी किती वर आले आहे हे इकडच्या माणसाला नेहमीच ठाऊक असते. खालून ‘फूग’ आली की पाणी ओसरत नाही, हेही त्याला ठाऊक असते. त्यासाठी त्याने जलशास्त्र शिकलेले नसते. पण पूर्वी कधीच न चढलेले पाणी कुठवर येईल, हे काठी सांगू शकत नाही. काठीला मागचे आठवते, पुढचे दिसत नाही. ते काम गणिताचे. आणि गणित म्हसोबाला ओळखत नाही. २०१९ मध्ये ‘२००५ ला इथे आले नव्हते’ एवढ्या एका वाक्यावर विसंबून किती घरे थांबून राहिली, हे काठावरच्या कोणत्याही गावात विचारावे.

यात आपल्या भागाचा आणखी एक पेच आहे. कन्नड वर्तमानपत्रात ‘प्रवाह’ असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ महापूर असा असतो. मराठीत प्रवाह म्हणजे नुसते वाहते पाणी. जीवनालाही आपण प्रवाह म्हणून टाकतो. ‘अपाय मट्ट’ म्हणजे धोक्याची पातळी. आपल्याकडे अपाय म्हणजे इजा, ती झाल्यावर कळते. शब्द एकच, संस्कृतातून दोघांनी उचललेला, आणि नेमक्या संकटाच्या वेळी तो दोन घरांत दोन गोष्टी सांगतो. दोन्ही भाषा घरात नांदणाऱ्या माणसाला यात अडचण वाटत नाही. पण नव्याने लग्न होऊन आलेली सून, ऊसतोडीला आलेली टोळी, बदलून आलेला तलाठी यांचे काय? आपण भाषेवरून इतकी वर्षे भांडलो. सरकारी कागद कोणत्या भाषेत असावा यावर मोर्चे काढले. ते भांडण गैर होते असे मी म्हणणार नाही. पण पुराचा इशारा दोन्ही भाषांत, आणि तोही गावच्या बोलीत यावा, यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे मला तरी आठवत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. आकडा जाहीर झाला की जाणत्याचे ऋण फिटले का?

याचे उत्तर शोधायला किल्लारीकडे जावे लागते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोहोचवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागातली सुमारे आठ हजार माणसे गेली. रिश्टरच्या मापावर हा काही जगातला मोठा भूकंप नव्हे. मारले ते भिंतींनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवदाचे मातीचे ओझे. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास त्या एका पहाटे कोसळला. तज्ज्ञांचेही काही वेगळे नव्हते. दख्खनचे पठार स्थिर, असे मानले जाई. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या नकाशात तो पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, १९९२ मध्ये, म्हणजे आदल्याच वर्षी, किल्लारीची जमीन वारंवार हादरत होती. लोक घाबरून विचारीत होते. पुढच्या वर्षी काय होणार हे सांगणे शास्त्राला तेव्हाही शक्य नव्हते, आजही नाही. पण आरपार दगड आणि लाकडी किंवा काँक्रीटचा पट्टा घातला तर भिंत फुटून पडत नाही, हे सांगणे तेव्हाही शक्य होते. ते ज्ञान अभियांत्रिकीच्या पुस्तकांत होते. ते किल्लारीच्या गवंड्यापर्यंत गेले नव्हते, एवढेच.

भविष्य सांगता येत नाही म्हणून वर्तमानात सांगण्यासारखे काहीच नाही, असे समजण्याची एक सवय विद्वानांना असते. मला ती अधिक गंभीर वाटते. खोटे भाकीत करण्यापेक्षाही. इटलीतल्या लाक्विला गावी २००९ मध्ये असेच झाले. लहान लहान धक्के येत होते, लोक अस्वस्थ होते, तज्ज्ञांची बैठक झाली आणि लोकांपर्यंत गेला तो दिलासा. सहा एप्रिलच्या रात्री मोठा भूकंप झाला. तीनशेहून अधिक माणसे गेली. २०१२ मध्ये न्यायालयाने सात जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांपैकी सहा शास्त्रज्ञांना निर्दोष सोडले. सोडले ते योग्यच झाले, असे मला वाटते. भूकंप ओळखता आला नाही म्हणून कोणी तुरुंगात जाऊ नये. पण कायद्याने सुटणे वेगळे आणि ऋणातून सुटणे वेगळे. ‘आम्हाला नक्की माहीत नाही, तोवर तुम्ही मात्र एवढे करा’ हे वाक्य उच्चारायला विद्वत्तेपेक्षा धीर जास्त लागतो.

किल्लारीनंतर जे झाले त्यात मात्र या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सापडतो. बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी उठवण्यात आली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे अध्यापक आणि विद्यार्थी गावोगाव फिरले. पुनर्वसनात लोकांचा सहभाग कसा घ्यावा यासाठी शासनाने त्या संस्थेचा सल्ला घेतला. तरीही नव्या गावांची आखणी पुष्कळ ठिकाणी चौकोनी, छावणीसारखी झाली. शेजारी तुटले, घरापासून शेत लांब गेले. हे काम निर्दोष नव्हते. ज्या गावांना हलवायचे नव्हते, जिथे जुनीच घरे मजबूत करायची होती, तिथली हकीकत मला अधिक बोलकी वाटते. तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावातल्याच महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. इंजिनिअर काय म्हणतो हे बाईने बाईला सांगायचे आणि बाई काय म्हणते हे इंजिनिअरला. गवंड्याने पट्टा घातला की नाही, सिमेंटवर पाणी मारले की नाही, हे उन्हात उभे राहून पाहायचे. शाळेत फारशा न गेलेल्या बायका घराच्या कोपऱ्याला सळई कुठे हवी हे सांगू लागल्या. पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूरच्या काही बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांजवळ बसल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या भिंतीची भाषा दोघींना येत होती. ऋषिऋण म्हणतात ते हे असावे. कोणी शिकवले त्याला परत द्यायचे नसते. पुढच्याला द्यायचे असते.

जपानमधले एक उदाहरण यापुढचे आहे. कामाइशी हे तिथले समुद्रकाठचे शहर. गुन्मा विद्यापीठातले तोशिताका काताडा हे प्राध्यापक तिथल्या शाळांत अनेक वर्षे जात राहिले. गंमत म्हणजे गुन्मा प्रांताला समुद्रच नाही. त्सुनामीचा नकाशा वाटून ते परत गेले नाहीत. एकट्या घरात असताना भूकंप झाला तर काय कराल, असे त्यांनी मुलांना विचारले, उत्तरे लिहून घेतली आणि ती आईवडिलांना दाखवायला सांगितली. आई येईपर्यंत थांबेन, असे ज्याच्या मुलाने लिहिले त्या बापाला वेगळे काही समजावून सांगण्याची गरज उरली नसेल. मुलांना त्यांनी जी तीन सूत्रे शिकवली त्यांतले पहिलेच विलक्षण होते: नकाशावर विश्वास ठेवू नका. नकाशा करणाऱ्या विद्यापीठातल्या माणसाने हे सांगावे! मागच्या लाटेवरून केलेला नकाशा पुढच्या लाटेला बांधील नसतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे जी गोष्ट काठीची तीच नकाशाचीही. ११ मार्च २०११ रोजी लाट आली तेव्हा उनोसुमाई भागातली मोठी मुले लहान मुलांचे हात धरून ठरलेल्या जागी पळाली, ती जागा पुरेशी उंच नाही असे वाटताच आणखी वर गेली, आणि वाचली. शहरातली हजाराहून अधिक माणसे गेली. पण त्या वेळी शाळांत असलेली, जवळजवळ तीन हजारांच्या घरातली मुले जगली.

त्याच उनोसुमाईत दुसरीही गोष्ट घडली, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. तिथे आदल्याच वर्षी आपत्ती निवारण केंद्र म्हणून एक नवी इमारत झाली होती. ती त्सुनामीपासून आसरा घेण्याची जागा नव्हती. पण खरी जागा डोंगरावर, वृद्धांना चढायला अवघड; म्हणून सरावाच्या वेळी लोकांना या इमारतीत जमवीत. त्याने उपस्थिती वाढली. लाट आली त्या दिवशी लोक सरावाप्रमाणे तिथेच आले, आणि त्यांपैकी दीडशेहून अधिक जण तिथेच बुडाले. हेतू चांगला होता, सहभाग भरपूर होता, स्थानिक लोक आणि अधिकारी यांचे सहकार्यही होते. एवढे सगळे असून सत्य मात्र सोयीसाठी थोडेसे वाकवलेले होते. लोकसहभाग हा शब्द आपल्याकडे अलीकडे फार गोड झाला आहे, म्हणून ही कडू गोष्ट सांगितली. लोकांना जे सोपे जाईल ते लोकांचे हित, असे समीकरण नाही. विद्यापीठातल्या माणसाने गावात यायचे ते गावाशी गोड बोलायला नव्हे.

आता आपल्या खोऱ्यात येऊ. कृष्णेच्या या एवढ्या पट्ट्यात कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ त्याआधी, १९४९ पासून. बेळगावला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ मध्ये आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये आले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. एका नदीच्या काठी एवढी विद्या क्वचितच कुठे असेल. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली तेव्हापासून मुले खेड्यांत शिबिरालाही जातात. सात दिवस राहतात, चर खणतात, झाडे लावतात, शेवटच्या रात्री करमणुकीचा कार्यक्रम करतात आणि ट्रकमध्ये बसून परततात. यात वाईट काही नाही. पण आठव्या दिवशी गावाला त्यांचे नाव आठवत नाही आणि त्यांना गावाचे. प्रबंधांचे तर विचारूच नये. पूरग्रस्त गावात प्रश्नावली घेऊन जायचे, म्हशी वाहून गेलेल्या माणसाला ‘आपले वार्षिक उत्पन्न किती’ असे विचारायचे, आणि त्या उत्तरांचा इंग्रजी ग्रंथ विद्यापीठाच्या कपाटात ठेवायचा. ज्याने उत्तर दिले त्याला तो वाचता येत नाही, आणि कोणी वाचूनही दाखवीत नाही. सावकाराने व्याज घेऊन मुद्दल कधी दिलेच नाही, तसा हा व्यवहार.

म्हशींचा उल्लेख उगाच केला नाही. सांगूनही लोक घर सोडत नाहीत, हटवादी आहेत, असे २०१९ मध्ये पुष्कळ ऐकू आले. खोलात विचारले तर कारण एकच निघे: जित्राबे कुठे न्यायची? नावेत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. आणि म्हैस म्हणजे त्या घराची बँक. त्या एका पुराने जे शिकवले ते २०२१ मध्ये दिसले. चिखली-आंबेवाडीसारख्या गावांतली माणसे पाणी चढण्याआधीच जनावरे घेऊन निघाली. हे शहाणपण विद्यापीठाने दिलेले नव्हते, नुकसानीने दिले होते. नुकसानीच्या आधी ते देता येणे, एवढीच विद्येकडून अपेक्षा आहे. त्यासाठी आधी गोठ्यात जाऊन विचारावे लागते. ज्याला सांगायचे त्याचे पाय कशाने अडतात हे समजून घेणे, हाही सांगण्याचाच भाग आहे. माझ्या मते मोठा भाग.

राहिला अलमट्टीचा वाद. पूर आला की अलीकडे म्हणतात अलमट्टीने फुगवले, पलीकडे म्हणतात कोयनेने सोडले. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नव्हती असा निष्कर्ष दिला. तो अलीकडच्याच पुष्कळांना पटला नाही. २०२१ च्या जूनमध्ये दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांची बंगळूरला विसर्गाच्या समन्वयासाठी बैठक झाली आणि महिन्याभरात पुन्हा पूर आला. मी या वादात न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. मला दिसते ते एवढेच की, प्रत्येक बाजूने आपापला तज्ज्ञ बाळगला आहे, आणि बाळगलेल्या तज्ज्ञाचे पलीकडचा माणूस ऐकत नाही. आपल्यासारखी माणसे, ज्यांच्या घरात दोन्ही भाषा आहेत आणि सोयरिकी दोन्ही तीरांवर आहेत, त्यांना ही गंमत परवडत नाही. मांजरीचे पाणी कोणत्या राज्यातून आले यावर मांजरीत ते किती चढले हे अवलंबून नसते.

विद्यापीठांनी काय करावे, असे कोणी विचारले तर मी फार मोठे काही सांगणार नाही. कोल्हापूर, बेळगाव आणि धारवाडच्या भूगोल-अभियांत्रिकीच्या मुलांनी, दोन्ही भाषा येणाऱ्या स्थानिक पोरांना जोडीला घेऊन, मे महिन्यात नदी तळाला गेलेली असताना पातळी मोजण्याची दुर्बीण आणि टेप घेऊन घर न् घर फिरावे. राजापूरला अमुक पाणी सुटले आणि दूधगंगेला अमुक असले तर ते तुमच्या उंबऱ्याशी असेल, हे त्या उंबऱ्याशेजारी तेलरंगाने, दोन्ही लिपींत लिहावे. मागच्या तीन पुरांच्या रेघा म्हाताऱ्यांना विचारून काढाव्यात, आणि त्यांच्या वर कोरी जागा ठेवावी, पाणी याहूनही वर येऊ शकते म्हणून. पुढच्या मे महिन्यात त्याच मुलांनी, नाहीतर त्यांच्या धाकट्यांनी, परत यावे. त्याला परीक्षेत गुण द्यावेत. गुणांशिवाय आपल्याकडे काही टिकत नाही.

यात एक अडचण येईल आणि ती पैशाची नसेल. भिंतीवर पुराची रेघ असलेल्या घराचा भाव उतरतो. काठची जमीन गुंठ्यांनी विकणाऱ्याला ती रेघ नको असेल, मुलीचे लग्न जमवणाऱ्या बापालाही नको असेल. जो धोका सांगतो तो कुणाचे तरी नुकसान करतो, हे खरेच आहे, आणि त्या बापाला कोणत्या तोंडाने काय सांगायचे हे मला अजून उमगलेले नाही. काही घरांवरचा रंग रातोरात खरवडला जाईल. मुलांनी डबा आणि कुंचला बरोबर ठेवावा, आणि घरमालकाशी बसून चहा घेतल्याशिवाय तो उघडू नये.